निकमांची जोड

तेव्हा निकमांच्या कानातून माती पडायची. लाल, बारीक, तेलाताकाचा वास असलेली. एकदा एका बाईंना नवा चष्मा बसवून देताना ते पुढे वाकले आणि त्यातली चिमूटभर बाईंच्या उघड्या पर्समध्ये पडली. बाईंना वाटलं, तपकीर. निकम म्हणाले, "घाबरू नका, तालमीतली आहे." बाई आणखी घाबरल्या.

रविवार कारंजाजवळ आमची दुकानं शेजारी शेजारी आहेत. त्यांचं चष्म्यांचं, माझं औषधांचं. निकम पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत. चष्मा इतका जाड, की काढला तर समोरचा माणूस आहे की दार, हे त्यांना विचारून ठरवावं लागतं. अशा माणसाला मारामारीचा नाद लागावा, हे मला कधीच समजलं नाही. आधी कराटे झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये शाळकरी मुलींच्या रांगेत शेवटी उभं राहून ते पिवळ्या पट्ट्यापर्यंत पोचले. मग एक दिवस पट्टा कपाटात गेला आणि निकम मला म्हणाले, "शिरसाठ, स्कूटर काढा. पंचवटीत तालमीत जायचंय."

वस्ताद ओट्यावर बसून दाढी करत होते.

"पोराला घालायचंय का?"

"नाही. मलाच शिकायचंय."

वस्तादांनी त्यांच्या मागे पाहिलं. मागे मी होतो.

"ह्यांना?"

"नाही हो, मला!"

वस्तादांनी अर्धी दाढी तशीच ठेवली. "काका, शिकवीन. पन तुमची जोड आनू कुठून?"

जोड म्हणजे बरोबरीचा पैलवान. निकमांच्या वजनाची तिथे फक्त पोरं होती आणि वयाचे फक्त वस्ताद. शेवटी दिगंबरला बोलावलं. दिगंबर दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग, दंड माझ्या मांडीएवढे. "हळू धर रे," वस्ताद म्हणाले, "काच हाये."

मातीत उतरताना चष्मा काढावा लागतो, तिथूनच घोळ सुरू झाला. पहिल्या दिवशी निकमांनी सलामी दिली ती मल्लखांबाला. खांब पुढे येईना म्हणून बराच वेळ त्याची वाटही पाहिली. दुसऱ्यांदा शेजारी दोघं लढत होते, त्यातल्या एकाचा पाय यांनी मागून ओढला. तो धाडकन पडला, त्याच्यावर दुसरा पडला, आणि निकम दोन्ही हात वर करून उभे. दिगंबर बिचारा पलीकडे वाकून यांची वाट बघत होता.

"काका, जोड कोन तुमची?" वस्तादांनी विचारलं.

"तसं मला कळलंय," निकम म्हणाले, "फक्त उलटं झालं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एकदा दिगंबरनं त्यांना अलगद उचलून अलगद खाली ठेवलं, बाळाला पाळण्यात ठेवावं तसं. निकम आभाळाकडे तोंड करून पडले आणि म्हणाले, "जिंकलो का?"

"पाठ कुठं हाये तुमची?" वस्ताद.

"जमिनीला."

"मग?"

निकमांनी विचार केला. "म्हणजे तो हरला?"

तालमीत सगळे हसले. निकमही हसले, पण का ते त्यांना ठाऊक नसावं.

मग ते घरी सराव करू लागले. गादीची वळकटी बांधायची, ती पैलवान समजायची आणि डाव टाकायचा. एका रविवारी त्यांनी वळकटीला खांद्यावरून फेकलं. वळकटी गेली नाही, निकम गेले. सोफ्याच्या कडेवर आपटून बरगडीला चीर पडली. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि कुस्ती बंद म्हणून बजावलं.

त्यांची मुलगी मीनल सिन्नरला असते. तिचा मला फोन आला. "काका, मी किती ओरडले, पण पप्पा म्हणतात, बरा झालो की जाणार. तुम्हीच सांगा ना. या वयात कुस्ती कशाला?"

मी गेलो आणि तोच प्रश्न विचारला. निकम तक्क्याला टेकून बसले होते. मला वाटलं, नेहमीचं वाक्य येईल. पण त्यांनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "शैला रस्ता ओलांडताना माझा दंड धरायची. रस्ता रिकामा असला तरी. ती गेल्यापासून लोक भेटतात, बोलतात, लांबून नमस्कार करतात. मीनल रोज फोन करते. पण अंगाला हात कोणाचाच लागत नाही, शिरसाठ. कराटेत गुद्दा मारतात आणि लांब होतात. कुस्तीत धरतात."

बाम आणला होता, तो टेबलावर ठेवला आणि निघालो. मीनलला एवढंच सांगितलं, की मी वस्तादांशी बोलतो.

बरगडी भरून आली त्या आठवड्यात निकम तालमीत निघाले, तेव्हा मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते वस्तादांना बाजूला घेऊन सांगितलं. निकमांनी घरी जे सांगितलं, तेही सांगून टाकलं. वस्ताद जमिनीकडे बघत ऐकत होते.

"काका," त्यांनी हाक मारली, "तुमची कुस्ती बंद."

निकमांचा चेहरा उतरला. ते शर्टाची बटणं परत लावू लागले.

"कापडं कशाला घालता? कुस्ती बंद म्हनलो, येनं नाय. दिगंबर, काकांना मालीश कर."

दिगंबरनं फरशीवर चटई टाकली. बरगडी कुठली ते विचारून घेतलं, हातावर तेल ओतलं आणि निकमांच्या पाठीवर दोन्ही पंजे ठेवले. निकम सुरुवातीला अंग चोरून होते. मग खांदे सैल झाले. बाकीचे आपापल्या बैठका मारत होते, कोणी बघत नव्हतं.

काही वेळानं दिगंबर बाटलीचं बूच लावू लागला. निकम चटईत तोंड घालूनच म्हणाले, "झालं का?"

"नाय काका," दिगंबर म्हणाला आणि बूच पुन्हा काढलं. "अजून लय बाकी हाये."