ऑर्विल अँप्लिफायर सुधारतो

ट्रिनाने लग्नातल्या पहिल्या नाचासाठी बापाची गिटार मागितली आणि त्याच दुपारी ऑर्विल स्टेंगलने गॅरेजमध्ये आपला जुना अँप्लिफायर उघडला.

तिने मागितलं होतं ते साधंच होतं. "बाबा, मी लहानपणी झोपायचे तेव्हा तू तो वॉल्ट्झ वाजवायचास ना, तोच. आणि आवाजही तसाच हवा. मऊ."

"तसाच कशाला? त्याहून चांगला देतो!" ऑर्विल म्हणाला.

अँप्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या नळ्यांचा होता, ट्रिनापेक्षाही वयाने मोठा. लाकडी पेटी, पुढे स्पीकर, मागची बाजू अर्धी उघडी. चालू केला की वरचे व्हॉल्व्ह हळूहळू लाल व्हायचे आणि तापलेल्या धुळीचा वास यायचा. ऑर्विलने मागची फळी काढली. आत कोळ्याची जाळी होती, मेलेल्या गांधीलमाशा होत्या, आणि तळाशी स्पीकरच्या मागे करड्या रंगाचा चिंध्यांचा एक गोळा कोंबलेला होता.

"उंदरांनी बिऱ्हाडच थाटलंय," असं म्हणत त्याने तो गोळा कोपऱ्यात भिरकावला. बटन नावाची त्यांची आखूड पायांची, लठ्ठ कुत्री उठली, तिने तो हुंगला, त्याच्याभोवती गोल फिरली आणि समाधानाने त्याच्यावर बसली.

ऑर्विलने पेटी झाडून पुसून लख्ख केली, फळी लावली आणि वॉल्ट्झ सुरू केला. पहिलाच सूर सुईसारखा कानात घुसला. बटन कान पाडून त्या गोळ्यात तोंड खुपसून बसली.

त्याने लाइल वोसबर्गला बोलावलं. लाइल तरुणपणी त्याच्याबरोबर बँडमध्ये बास वाजवायचा आणि पुढे निवृत्त होईपर्यंत चीजच्या कारखान्यात होता. त्यामुळे कुठलाही आवाज ऐकला की त्याला चीजच आठवायचं.

लाइलने डोळे मिटून ऐकलं. "हे आजच काढलेलं चीज आहे रे. दाताखाली कुरकुर वाजतं ना, तसलं. आपल्याला मुरलेलं पाहिजे. तळघरात वर्षानुवर्षं पडलेलं."

"मग काय करू?"

"कंडेन्सर वाळले असणार. सगळे बदल."

व्हॉल्व्हच्या यंत्रात हात घालायचा तर एक हात खिशात ठेवायचा असतो, म्हणजे धक्का बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. हा नियम ऑर्विल इमानदारीने पाळायचा. त्यामुळे डाख लावणं, पक्कड धरणं, चष्मा सावरणं, सगळं एकाच हाताने चालायचं. पडलेले स्क्रू लाइल गुडघ्यावर बसून शोधायचा आणि शिव्या द्यायचा.

कंडेन्सर बदलले. आवाज आणखी टोकदार झाला.

"तरुण झाला म्हातारा!" लाइल म्हणाला. "आता व्हॉल्व्ह बदल. नवे कंडेन्सर, जुने व्हॉल्व्ह, जमायचं कसं त्यांचं?"

व्हॉल्व्ह बदलले. आता गिटारच्या मागे मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखी घूं घूं सुरू झाली. ती घालवायला तारांची नवी जोडणी केली. घूं घूं गेली, पण आवाज पत्र्यासारखा झाला. मग लाइलने आपल्या पुतण्याच्या अँप्लिफायरमधला मोठा स्पीकर आणला. तो पेटीत मावेना, म्हणून पेटीचं भोक करवतीने मोठं केलं. पहिल्या सुरालाच मांडणीवरची त्याच्या बायकोची, डार्लीनची, लोणच्याची बरणी चालत चालत कडेला आली आणि खाली पडली.

स्वयंपाकघरातून डार्लीनचा आवाज आला. "ऑर्विल! काय फोडलंस?"

"टोन सुधारतोय!"

"अरे, पहिला काय वाईट होता?"

"तुला नाही कळायचं ते," ऑर्विल म्हणाला. डार्लीन आपल्या कामाला लागली. तिला पाहुण्यांसाठी बटाट्याचं सॅलड करायचं होतं आणि लग्नासाठी मुद्दाम घेतलेल्या लोकरी जाकिटाची बटणं घट्ट करायची होती. ऑर्विलच्या गॅरेजमध्ये ती तशीही क्वचितच पाय ठेवायची.

लग्न तोंडावर आलं तेव्हा लाइलनेही हात टेकले. "सगळं जुनं परत लाव बाबा. होतं तसं कर."

ऑर्विलने जुने कंडेन्सर, जुने व्हॉल्व्ह, जुना स्पीकर, सगळं जागच्या जागी बसवलं. करवतलेल्या भोकावर पट्ट्या ठोकल्या. मग श्वास रोखून वॉल्ट्झ सुरू केला. तीच सुई पुन्हा कानात घुसली.

लाइल टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. वस्तू त्याच, पेटी तीच आणि आवाज मात्र भलताच. चीजमध्ये असं कधी होत नाही, एवढंच तो म्हणाला आणि घरी गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी ऑर्विल कॉफीचा कप तसाच समोर ठेवून टेबलाशी बसून होता.

"डार्लीन, मी नाही वाजवत. लाइलला सांगतो, रेकॉर्ड लाव म्हणून."

"म्हणजे? पोरीने एवढी एकच गोष्ट मागितलीय तुझ्याकडे!"

"अँप्लिफायरमध्ये काही दोष नाही. सगळं उघडून बघितलं." त्याने आपली बोटं टेबलावर पसरली. सांधे सुजलेले होते. "दोष इथं आहे. हात म्हातारे झाले. तो आवाज या बोटांचा होता, तो गेला."

डार्लीन त्याच्या बोटांकडे बघत राहिली. मग सॉसेजसाठी मोठं पातेलं आणायला ती गॅरेजमध्ये गेली. पातेलं काढलं आणि तिची नजर कोपऱ्यात गेली.

"ऑर्विल! इकडे ये! ही गोधडी बाहेर कशी आली?"

"कुठली गोधडी? ती उंदरांची..."

"उंदरांची काय! ट्रिनाच्या पाळण्यातली आहे ती!" डार्लीनने बटनच्या पोटाखालून एक टोक ओढून काढलं. करड्या मळातून पिवळं बदक दिसत होतं. "अरे, पोर रात्र रात्र रडायची. तुला म्हटलं आवाज कमी कर, तर तू म्हणायचास, कमी केला की टोन मरतो. मग एक दिवस तू कामावर गेल्यावर मी ही मागून आत कोंबली."

ऑर्विल पायरीवर बसला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. पण तू संध्याकाळी वाजवलंस आणि नाचत नाचत आत आलास. म्हणालास, ऐकलंस? काय गोड वाजतोय! गिटारच्या नव्या तारांची कमाल! पोर झोपली होती, तू खूश होतास. मी कशाला बोलू?"

ऑर्विलला ते आठवलं. त्या तारांची तारीफ त्याने पुढे कित्येकांना ऐकवली होती. तो उठला, गोधडी हातात घेतली, झटकली आणि पेटीत कोंबली. वॉल्ट्झ सुरू केला तर ट्रिनाचं सगळं लहानपण गॅरेजमध्ये उतरलं.

बटनला मात्र हे मान्य नव्हतं. आपलं अंथरूण पिकअपमध्ये चढताना पाहून तीही चढली आणि टाउन हॉलमध्ये अँप्लिफायरच्या मागे जाऊन गोधडीवर अर्धी आत, अर्धी बाहेर अशी पसरली. कुत्रीमुळे आवाज आणखीच मुरलेला येऊ लागला, म्हणून तिला कुणी हलवलं नाही.

दिवे मंद झाले. ट्रिना आणि तिचा नवरा कॉरी मधोमध आले. ऑर्विलने पहिला सूर छेडला आणि ट्रिनाने कॉरीच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले. आवाज तोच होता.

एवढ्यात कुणीतरी सॉसेजच्या पातेल्याचं झाकण काढलं.

बटनने मान वर केली, उठली, आणि आपली वस्तू इथे सोडून जाणं बरं नाही असं वाटून गोधडी तोंडात धरून निघाली. पुढचा सूर सुईसारखा वाजला. ट्रिनाचे डोळे उघडले. ऑर्विलचे हात चालू होते, थांबता येत नव्हतं. त्याने घाबरून डार्लीनकडे पाहिलं.

डार्लीन आधीच उठली होती. चालता चालता तिने ते नवं लोकरी जाकीट काढलं, घडी केली, अँप्लिफायरच्या मागे वाकली आणि तापलेल्या व्हॉल्व्हना लागणार नाही असं तळाशी कोंबलं. आवाज पुन्हा मऊ झाला. ट्रिनाने डोळे मिटले आणि ते वॉल्ट्झ संपेपर्यंत उघडले नाहीत.

टाळ्या थांबल्यावर लाइल डोळे पुसत आला. "मुरलेलं, गड्या! तळघरातलं! केलंस काय शेवटी?"

ऑर्विलने बायकोकडे पाहिलं. ऑक्टोबरच्या थंडीत ती बिनबाह्यांच्या झग्यात हात चोळत उभी होती.

"खरं सांगू का लाइल, ही डार्लीन..."

"तारा बदलल्या त्याने," डार्लीन म्हणाली. "चल ऑर्विल, तुझा कोट दे मला."