मलिद्यावर चालणारा कॉम्प्युटर

मॅन्युअल वाचून करता येणार नाही असं जगात काही नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, त्या शुक्रवारी सकाळी पावणेअकरापर्यंत होतं.

मी मूळची मुंबईची ज्यू, तेल अविवच्या एका ग्रंथालयात काम करते. धुलाईयंत्रापासून दाढीच्या मशीनपर्यंत कुठलीही माहितीपुस्तिका मी शेवटच्या पानापर्यंत वाचते. असे लोक जगात फार थोडे असतात आणि त्यांना कुणी जेवायला बोलावत नाही. तर १९९९च्या डिसेंबरात मी हैफाला आईकडे गेले, ती पिशवीत नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी, एक फ्लॉपी आणि एकशे चौदा पानांचं मॅन्युअल घेऊन.

"आई, पप्पांचा कॉम्प्युटर आज मी चालू करणार! एक तास दहा मिनिटांचं काम. पान बारावर लिहिलंय."

"कर बाय," आई म्हणाली. "पण शाब्बातच्या आत कर. चार-वीसला मेणबत्त्या लावायच्यात. मग मी बटणाला बोट लावू देणार नाही, सांगून ठेवते." शाब्बात म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, तो शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो.

घाई होती ती रविवारची. रविवारी पप्पांना जाऊन वर्ष होत होतं. जायच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलात ते मला म्हणाले होते, "रिवू, कॉम्प्युटरमध्ये तुझ्या नावाची एक फाइल ठेवलीय. वाच हं." मी हो म्हटलं. शोकाचे सात दिवस संपल्यावर कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर एकच ओळ : सिस्टिम सापडत नाही. मी तो बंद केला, त्यावर आईचा क्रोशाचा रुमाल टाकला आणि अकरा महिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ग्रंथालयातला एकजण म्हणाला, डिस्क घेऊन ये, पाच मिनिटांत फाइल काढून देतो. मी नको म्हटलं. फाइल माझ्या नावाची होती. माझ्याआधी ती कुणी उघडायला नको होती.

मॅन्युअलनुसार सगळं सोपं होतं. जुन्यावरच नवी सिस्टिम चढवायची. फायली शाबूत राहतात. फक्त मध्ये एकदा 'फॉरमॅट करू का?' असं विचारेल, तिथे 'नाही' म्हणायचं. 'हो' म्हटलं की सगळं पुसलं गेलंच! पण नाही म्हणायची मला सवय आहे. माझ्यासाठी स्थळं आणणाऱ्या बायकांना विचारा.

कॉम्प्युटर जुना, सिमेंटच्या पोत्याएवढा. त्याचं बटण एकदा दाबलं की आत जाऊन बसायचं आणि तिथेच राहायचं. वायर गेली होती काचेच्या कपाटामागे. हे कपाट एकाहत्तर साली मुंबईहून बोटीने आलं. त्यात आईचा चहाचा सेट आहे, आणि त्या सेटमधून आजवर कुणालाही चहा मिळालेला नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी मी सीडी घातली. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. दहा टक्के! वीस टक्के! मी पाय लांब करून बसले. आणि पावणेअकराला, अठ्ठेचाळीस टक्क्यांवर, ढप्प! पंखा थांबला. पडदा काळा. पडद्याचा दिवा मात्र, तो दुसऱ्या प्लगवर असल्यामुळे, मांजराच्या डोळ्यासारखा पिवळा लुकलुकत राहिला. म्हणजे वीज होती.

मी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. काही नाही. 'अडचणी' हे प्रकरण काढलं. त्यात पहिली सूचना होती : धीर धरा. मी धीर धरला. अकराच्या ठोक्याला, मी पान नव्वद उलटत असताना, कॉम्प्युटर आपोआप घुर्रर्र करून उठला! आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

"बघ आई! धीर धरला की झालं!"

पावणेबाराला, एकसष्ट टक्क्यांवर, पुन्हा ढप्प!

मी दक्षिणेला, एलात शहरात, ओरनाला फोन लावला. ओरना माझी धाकटी बहीण, तिथल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असते. कॉम्प्युटरमधलं तिला काही कळत नाही, पण ज्याला कळतं असा माणूस तिच्या शेजारी बसतो. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, आमचं पंचवीस वर्षं असंच चाललंय.

"तो म्हणतो, मेमरीची पट्टी काढ आणि खोडरबराने घास."

"कशाने?"

"खोडरबराने! शाळेतल्या! आणि रिवू, फॉरमॅट नको हं करू."

"मी कशाला करीन?"

"तू घाबरलीस की हो म्हणतेस."

मी झाकण उघडलं, पट्टी उपटली, खोडरबराने घासघास घासली, बसवली. बाराचे ठोके पडले आणि घुर्रर्र! मी खोडरबराचा मुका घेतला. खरंच घेतला. आईने पाहिलं आणि कांदा चिरायला गेली.

पाऊण वाजता, ढप्प.

आता माझा आवाज चढला असावा, कारण समोरच्या ब्लॉकमधला त्स्वी दार ठोठावून आत आला. त्स्वी पंचाहत्तरीचा, रुमानियाचा, निवृत्त इलेक्ट्रिशियन. खिशात टेस्टर घालूनच तो सिनॅगॉगलाही जातो, असं पप्पा म्हणायचे.

"नू, काय झालं?"

"वीज येते आणि मशीन मरतं," मी म्हटलं.

त्याने वाकून पडद्याचा पिवळा दिवा पाहिला. "दिवा जळतोय. वीज निर्दोष आहे," न्यायाधीशासारखा निकाल देऊन तो सरळ झाला. चाळीस वर्षांत त्याने विजेला कधी दोष लागू दिला नव्हता.

"निर्दोष म्हणे," आई मला मराठीत पुटपुटली. "विचार त्याला, माझं शाब्बातचं घड्याळ कुठेय?"

हे प्रकरण जुनं होतं. शाब्बातला दिवा लावायचा-विझवायचा नाही, म्हणून इथे घरोघर प्लगवर एक गोल घड्याळ बसवलेलं असतं. त्याचे दात वर-खाली करून ठेवले की वीज ठरल्या वेळी आपोआप येते-जाते. आईकडे अशी दोन होती. त्यातलं एक तीन वर्षांपूर्वी नाहीसं झालं, आणि ते त्स्वीनेच उसनं नेलं यावर आईचा विश्वास दहा आज्ञांइतका पक्का होता. त्या दिवसापासून त्याला पुरणपोळी बंद होती. बिचाऱ्याला कारणही माहीत नव्हतं.

तेवढ्यात नेहेम्या आला. नेहेम्या माझा मावसभाऊ, बंदरावर क्रेनचा मेकॅनिक. क्रेन चालेना झाली की तो तिला लाथ घालतो आणि ती चालते, त्यामुळे बाकीच्या यंत्रांबद्दलही त्याचं तेच धोरण आहे.

"सरक रिवू. तुझ्या पुस्तकाने नाही व्हायचं हे."

"हात लावू नकोस!"

"मावशी, हिला सांग."

पण मावशी खिडकीकडे तोंड करून उभी होती. डोक्यावर पदर होता, डोळे मिटलेले होते. "एलियाहू हन्नाबी," ती आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नबीला, म्हणत होती, "माझ्या पोरीचा कॉम्प्युटर उठू दे. पाच फळं घालून मलिदा करीन!"

त्याच क्षणी त्स्वीने टेस्टरचं टोक प्लगपट्टीला टेकवलं, नेहेम्याने डब्याच्या कुशीत एक सणसणीत चापट मारली, आणि घड्याळात एक वाजला.

घुर्रर्र!!

"बघितलंस!" नेहेम्या ओरडला.

"बघितलंत!" त्स्वी ओरडला.

"दोघंही गप्प बसा," आई डोळे पुसत म्हणाली. "नेहेम्या, आधी खाली जा आणि पोहे आण. जाडे नकोत. नारळ आहे. खजूर, केळी, सफरचंद, डाळिंब आहे. पाचवं फळ बघ काय मिळतं ते. नवस आहे, उधार ठेवायचा नाही!"

"मावशी, माझी चापट—"

"तुझ्या चापटीने काय उठतं ते मला माहितेय. तुझी गाडी अजून गॅरेजमध्येच आहे ना?"

नेहेम्या गेला. पोहे-संत्री घेऊन आला. पोहे भिजले, गूळ चिरला, नारळ खवला. मी पडद्यासमोर बसून हात जोडले होते की नाही, ते सांगत नाही. तीस टक्के. चाळीस. दीड वाजून गेला. पन्नास! मलिद्याच्या ताटावर आई शेवटची संत्र्याची फोड ठेवत होती. साठ!

पावणेदोन. ढप्प.

आईने ताटाकडे पाहिलं. तिला नबीचा राग आला होता, पण तसं बोलायची सोय नव्हती.

"संत्रं आंबट निघालं असेल," ती शेवटी म्हणाली.

"फॉरमॅट," नेहेम्या म्हणाला.

"फॉरमॅट," त्स्वीनेही मान डोलावली. शब्द त्याने तेव्हाच पहिल्यांदा ऐकला होता.

"नाही!"

"अगं, सगळं पुसून स्वच्छ कर, नवीन होईल! त्यात आहे काय एवढं?"

मी कॉम्प्युटर आणि नेहेम्या यांच्यामध्ये उभी राहिले. दोन्ही हात पसरले होते, एका हातात खोडरबर होतं. बत्तीस वर्षांची बाई, तीन भाषांत वाचणारी, आणि एका लोखंडी डब्यासाठी हात पसरून उभी! मला एकदम हसू फुटलं. मग थांबेचना. नेहेम्या दोन पावलं मागे सरला. बंदरावर हसणाऱ्या क्रेन नसतात.

आई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आली. त्या दिवसातली ती चहाची चौथी फेरी. तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला.

"आई, तू प्रत्येक वेळी बरोबर पावणेलाच चहा कसा आणतेस?"

"मग कधी आणू? पावणेला कॉम्प्युटर बंद होतो ना."

"कुठला कॉम्प्युटर?"

"हाच. तुझे पप्पा पावणेला उठायचे, चहा प्यायचे, गॅलरीत फेऱ्या मारायचे. पुढच्या तासाचा ठोका पडला की परत बसायचे. दोन वर्षं असंच."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस का? तू पुस्तक वाचत होतीस! आणि मला वाटलं, सगळेच कॉम्प्युटर असे असतात. फ्रिज नाही का मधूनमधून थांबत?"

मी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. वायर त्याच्या मागे जात होती. नेहेम्यानेही तिकडे पाहिलं, आणि मी 'थांब, आधी सेट काढू' म्हणेपर्यंत त्याने कपाटाला खांदा लावला होता. क्रेनचा माणूस! कपाट हललं. सेटमधला एक कप, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच, बाहेर यायला निघाला आणि काचेतून बाहेर आला. काच खळ्ळकन फुटली.

मागे, भिंतीतल्या प्लगवर, पांढरं गोल शाब्बातचं घड्याळ टिकटिक करत बसलं होतं. त्याचे दात दर तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांना खाली दाबलेले होते. वर चिकटपट्टी, तिच्यावर पप्पांच्या अक्षरात : 'हात लावू नये.'

आईने वाकून चिकटपट्टी वाचली. मग वळली, स्वयंपाकघरात गेली, मलिद्याची एक बशी भरून आणली आणि त्स्वीच्या हातात दिली. "बस," ती हिब्रूत म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी पुरणपोळी करीन." त्स्वीला आजतागायत कळलेलं नाही की आपण कशातून सुटलो.

मी घड्याळ काढून वायर सरळ भिंतीत लावली. दोनला पाच कमी होती. पावणेतीन आले. पावणेतीन गेले! पट्टी पुढे सरकली. फॉरमॅट करू का? नाही! तीन वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर निळं आभाळ की पांढरे ढग असं काहीतरी आलं. मला नीट दिसत नव्हतं. फाइल तिथेच होती. पप्पांची मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी त्या कॉम्प्युटरला येत नसे. सगळे माझ्यामागे उभे राहिले, आणि मी मोठ्याने वाचलं :

"प्रिय रिवू, हा कॉम्प्युटर आता तुझा. तीन गोष्टी लक्षात ठेव. एक, दर पाऊण तासाने हा बंद पडेल. घाबरू नकोस, तो बिघडलेला नाही. डॉक्टर म्हणाला सारखं बसू नका, आणि मी काही आपणहून उठणारा माणूस नाही, म्हणून कपाटामागे आईचं शाब्बातचं घड्याळ लावलंय. तिला सांगू नकोस. तूही माझ्यासारखीच, पुस्तक घेतलं की उठत नाहीस, म्हणून ते तसंच राहू दे. दोन, काढायचंच झालं तर नेहेम्याला कपाट हलवू देऊ नकोस, तो काच फोडील. तीन,"

त्यापुढे काही नव्हतं.

मी पडद्यावरचा मजकूर वर सरकवला, खाली सरकवला. पांढरं पान. 'तीन,' आणि स्वल्पविराम.

नेहेम्या हातातल्या कपाच्या कानाकडे बघत उभा होता. कुणी हसायचं की रडायचं, ते ठरत नव्हतं. माझं तर दोन्ही चाललं होतं.

"आई, तिसरं काय असेल गं?"

आईने पदराने पडद्यावरची धूळ पुसली, जरा जास्तच वेळ.

"काय असणार! पावणे झाले असतील," ती म्हणाली. "चहाला उठले असतील."

कपाटाला नवी काच बसली. कॉम्प्युटर मी तेल अविवला आणला, आणि घड्याळही, चिकटपट्टीसकट. ते मी पुन्हा प्लगवर लावलं आहे. म्हणून तर ही गोष्ट मला तीनदा लिहावी लागली. पान बारावर स्पष्ट लिहिलंय, काम मधूनमधून सेव्ह करत जा. पण मॅन्युअल वाचतं कोण!