समितीमान्य कावळा

मुलांना परिसरातल्या पक्ष्यांची ओळख व्हावी, या उदात्त हेतूने शाळेने मातीकामाची स्पर्धा जाहीर केली. विषय : 'आपल्या शहराचे पक्षी'. तिसरीतल्या छकुलीने कावळा केला. एक पाय आखूड असलेला, तिरका उभा राहणारा. तसाच एक खराखुरा कावळा रोज तिच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचा आणि बिस्कीट फक्त तिच्याच हातून घ्यायचा. याचा तिला भारी अभिमान.

कलाशिक्षकांनी चिंताग्रस्त होऊन तो कावळा तज्ज्ञ समितीपुढे ठेवला.

"हा शहराचा पक्षी नाही," अध्यक्ष म्हणाले.

"पण तो रोज येतो!"

"येतो म्हणजे राहतो असं होत नाही, बाळ. तक्त्यात आहे का?"

तक्ता समितीने एका गुळगुळीत कॅलेंडरवरून बनवला होता. त्यात सगळे राजहंस होते. शहरातलं एकमेव तळं बुजवून त्यावरच शाळा उभी राहिल्यामुळे समितीच्या हिशेबाने राजहंस स्थानिक ठरत होते. एवढ्यात बाहेर काव-काव सुरू झाली.

"खिडकी लावा हो! या गोंगाटात पक्ष्यांवर चर्चा कशी करायची?" अध्यक्ष वैतागले.

छकुलीला दोन दिवसांत सुधारणा करण्याची संधी देण्यात आली. बाकीच्या पालकांनी मुलांना केव्हाच खेळायला पिटाळलं होतं आणि घरोघरी मोठी माणसं हंस वळत बसली होती. आपलंच नाक कापलं जायला नको म्हणून छकुलीच्या बाबांनीही बाह्या सरसावल्या. त्यांनी कावळ्याची मान ताणली, चोच चपटी केली, दोन्ही पाय काढून टाकले आणि वर पांढरा रंग फासला.

"बाबा, त्याचे पाय?"

"पाण्याखाली आहेत."

"पाणी कुठाय?"

"तू जा बघू, अभ्यास कर."

छकुलीला पहिलं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रकात 'परिसराच्या सूक्ष्म निरीक्षणासाठी' असं छापलं होतं. घरी आल्यावर आईने हंस कौतुकाने खिडकीत ठेवला. कावळा आला, तो पांढरा प्रकार पाहून दचकला आणि उडाला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. छकुली हातात बिस्कीट धरून उभी राहिली आणि शेवटी हुंदके देऊन रडली.

बाबांनी तेवढ्यात तिच्या हातात हंस देऊन फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला. फोटोत तिचे डोळे सुजलेले स्पष्ट दिसतात. खाली अंगठ्यांची रांग लागली आहे. जरा वर सरकवून बघा, तुमचाही सापडेल.