मावशीच्या भिंतीवरची ओल

धाकटीनं मावशीच्या भिंतीवर ओल रंगवली ती अभ्यास म्हणून. या मोठ्या शहरात नेपथ्य शिकायला येऊन तिला जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि सरांनी पहिलंच काम दिलं होतं: ओल आलेली जुनी भिंत रंगवा आणि तिचा फोटो आणा. बाकीच्यांनी प्लायवूड विकत आणलं. हिला ते चौथ्या मजल्यापर्यंत कोण चढवून देणार? मावशीनं दिलेल्या खोलीत पांढरीशुभ्र भिंत आयतीच होती. रविवारी वरून पुन्हा पांढरा हात मारला की काम फत्ते, असा तिचा साधा हिशेब होता.

ओल मात्र झकास उतरली. छताच्या कोपऱ्यातून आलेले तपकिरी ओघळ, फुगलेले पोपडे, खाली हिरवट बुरशी. रंगवून झाल्यावर धाकटीला उगाचच दोन शिंका आल्या.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात असताना मावशी धुतलेले कपडे ठेवायला खोलीत गेली आणि कपड्यांसकट मटकन पलंगावर बसली. तासाभरात प्लंबर हजर झाला. तीस वर्षांचा अनुभवी माणूस. दारातूनच त्यानं भिंत पाहिली आणि वरच्यांचं बाथरूम वर्षभर मुरतंय असं जाहीर केलं. एकदा हात तरी लावून बघा, असं मावशीनं भीत भीत सुचवलं.

"ताई, ओल हातानं कळत नसते," तो म्हणाला. "नजर लागते त्याला."

वर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे असेल, पण स्वतःची चूक असेल या नुसत्या शंकेनं ते अर्धमेले झाले आणि त्यांनी बाथरूम प्लंबरच्या हवाली केलं. फरशी फोडली. आतला पाइप ठणठणीत निघाला. गळती नक्कीच आणखी आत असणार, असं म्हणून प्लंबरनं उरलेली फरशीही फोडली.

धाकटी घरी आली तेव्हा मावशी फोनवर बोलत होती. "भावोजी, थापी घेऊनच या. घरचा गवंडी असताना बाहेरचा कशाला?"

हे भावोजी म्हणजे धाकटीचे बाबा. चित्रं रंगवणं हा अभ्यास असतो हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. महिनाभर बघतो, त्यात काही वेडंवाकडं कानावर आलं तर बॅग भरायची, अशा बोलीवर त्यांनी तिला पाठवलं होतं. कबूल करायला तिनं तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मिटलं.

सकाळी बाबा हत्यारांची पिशवी घेऊन आले. मान तिरकी करून त्यांनी भिंत न्याहाळली, गिलाव्यात वाळू फार झालीये म्हणाले, आणि छिन्नी लावून हातोडी उचलली.

"बाबा, थांबा. ती ओल मी रंगवलीये."

बाबांनी नखानं खरवडलं. मग थुंकी लावून बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं. शेवटी पूर्ण तळवा टेकवून पाहिला.

"जन्मभर मी लोकांच्या भिंतींची ओल घालवली," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि तू फी भरून ती आणायला शिकतेस?"

मावशी शरमेनं लाल होऊन माफी मागायला वर धावली. मुख्याध्यापक तिच्याबरोबर खाली आले, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि भारावून म्हणाले की मला तर वाससुद्धा येतोय. प्लंबरला फोन केला, तर तो म्हणाला, रंगवलेली असेलही, पण गळती वरूनच आहे.

दिवसभर बाबांनी वरची फरशी बसवली आणि धाकटीनं घमेली वाहिली. बाबांनी ती अशी बसवली की सांधा शोधून सापडू नये. या हातांचं तिला लहानपणापासून कौतुक होतं, आणि त्याच हातांना आपण फुकट राबवलं याचं तिला फार वाईट वाटत होतं. चार वाजता बाबांनी हात धुतले आणि संध्याकाळची बस आहे, बॅग भर, एवढंच सांगितलं.

ती भरू लागली. बाबा खुर्चीवर बसून राहिले. त्यांची नजर सारखी भिंतीकडे जात होती.

"ते पांढरं काय काढलंयस?"

"मीठ. ओल आली की फुटतं ते."

"मधोमध?" बाबा उठले. "मीठ मधे नाही फुटत. ओल जिथे संपते, तिथे कडेला फुटतं. आण तो ब्रश."

मावशी चहा घेऊन आली तेव्हा ओल खिडकीच्या खालपर्यंत उतरली होती. बापलेक गुडघ्यांवर बसून तिची कड सारखी करत होते. ओल इतकी देखणी झाली होती की मावशी चहाचा ट्रे हातात धरूनच बघत राहिली. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. बस मिळाली का, हे आई विचारत होती.

"नाही निघालो," बाबा भिंतीवरची नजर न काढता म्हणाले. "तिला एवढ्यात आणता नाही यायचं. हात चांगला आहे पोरीचा, पण ओल अजून कच्ची आहे. चार वर्षं तरी लागतील."