उजव्या चाकाचे पाद्रिनो

सेवेरो चुकिमिया मास्तरांच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजले आहेत, ही गोष्ट बोलिव्हियाच्या ला पाझ शहरातल्या त्यांच्या उताराच्या गल्लीत सर्वमान्य होती. मास्तरांनी वरच्या टोकाला ब्रेक दाबला की ती करकर ऐकून खालच्या टोकाची पाववाली आपली गिऱ्हाइकं भिंतीला लावून घ्यायची. मास्तर स्वतः मात्र रेडिओचा आवाज वाढवत. उपाय फुकटचा होता, शिवाय बातम्याही कळायच्या.

गाडी जुनी, जपानी. जपानात तिचं स्टिअरिंग उजवीकडे होतं. इकडे आल्यावर एका गॅरेजात ते उपटून डावीकडे बसवलं, आणि उरलेल्या भोकात मास्तरांच्या बायकोने, निकोलासाबाईंनी, प्लॅस्टिकची फुलं खोवली. आणखी काही वर्षं मास्तरांनी रेडिओवर सहज काढली असती. पण त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, येसेनियाचं लग्न ठरलं. नवरी बापाच्या गाडीतून, त्याच उतारावरून, खालच्या चर्चमध्ये जाणार होती. भूगोलाच्या मास्तरांना उतार म्हणजे काय ते नव्याने समजलं.

"उद्या बाजारात जाऊन पॅड घेऊन येतो," ते जेवताना म्हणाले.

निकोलासाबाईंनी चमचा खाली ठेवला. "अहो, विकत?"

"मग काय चोरून आणू?"

"लग्नाची गाडी आहे ती! केकला पाद्रिनो आहे, अंगठ्यांना आहे, वाजंत्रीला आहे, बिअरला तर तिघं भांडतायत. आणि ब्रेक तेवढे आपण विकत आणायचे? लोक काय म्हणतील? चुकिमियांना कुणी विचारत नाही म्हणतील!"

पाद्रिनो म्हणजे मानाचा यजमान. लग्नातली एकेक वस्तू एकेकाने द्यायची आणि मग जन्मभर त्या वस्तूचा पाद्रिनो म्हणून मिरवायचं, अशी इथली रीत आहे. दिलेल्या वस्तूला नावं ठेवणं म्हणजे देणाऱ्याला भर मांडवात थोबाडीत मारणं.

"आई, केक बिघडला तर पोट बिघडेल," येसेनिया म्हणाली. "ब्रेक बिघडला तर मीच जाईन."

"शुभ बोल गं जरा!" निकोलासाबाई म्हणाल्या, आणि तांत्रिक चर्चा इथे संपली.

ब्रेकचा मान मुलीकडच्या बाल्तासारना गेला. चर्चसमोर, रस्त्याच्या उजव्या हाताला त्यांचं टोप्यांचं दुकान. गल्लीतल्या यच्चयावत बायकांच्या डोक्यावरची गोल टोपी तिथलीच. ते मास्तरांना घेऊन थेट सुट्या भागांच्या बाजारात गेले.

"पुढचे पॅड हवेत ना? कुठल्या बाजूचे?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"दोन्ही," मास्तर म्हणाले.

"थांबा. स्टिअरिंग हलवलंय ना? मग उजवी बाजू जपानची सांगताय की बोलिव्हियाची?"

मास्तरांनी तीस वर्षं पोरांना दिशा शिकवल्या होत्या. त्यांनी आपलेच दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. बाईंनी दोन पुडे काढले. एक पॅड मऊ, बिनआवाजाचं. दुसरं धातूचं, कडक, घट्ट पकडणारं आणि बोंब मारणारं.

"बिनआवाजाचं कशाला?" बाल्तासार उखडले. "मी दिलेला ब्रेक लागला हे लोकांना कळणार कसं?"

म्हणून धातूचं ठरलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी नवऱ्या मुलाच्या पेत्रोनामावशींपर्यंत पोचली, आणि त्या टोपीसकट दारात उभ्या राहिल्या.

"ब्रेक सगळे मुलीकडच्यांनीच द्यायचे? आमचा मुलगा काय रस्त्यावर सापडलाय?"

मास्तरांनी त्यांना मागची चाकं देऊ केली. "मागची?" मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी असं बघितलं की मास्तरांनी प्रस्ताव तिथल्या तिथे मागे घेतला. मग दोन्ही घरांची रीतसर बैठक झाली. उजवं पुढचं चाक मुलीकडे आणि डावं पुढचं चाक मुलाकडे, असा सन्मान्य तोडगा निघाला. बाल्तासारनी धातूचे पॅड दिले म्हणून मावशींनी हट्टाने मऊ आणले.

"दोन्ही बाजूंना एकसारखे नकोत का रे?" मास्तरांनी मेकॅनिक फाकुंदोला विचारलं.

"पाहिजेत की. पण मास्तर, त्या पेत्रोनाबाई माझ्या घरमालकीण आहेत," फाकुंदो म्हणाला आणि त्याने पाना उचलला.

पॅड बसवण्याआधी त्यांच्यावर बिअर शिंपडली गेली. नव्या वस्तूवरचा पहिला घोट धरणीमातेचा, पाचामामाचा. तो चुकवला तर वस्तू लाभत नाही. बाल्तासारनी बेताने शिंपडली. मावशींनी मुलाकडच्यांच्या इभ्रतीला शोभेल अशी अख्खी बाटली आपल्या मऊ पॅडवर रिकामी केली, वर रंगीत कागदाचे कपटे उधळले, आणि ते सगळं तसंच चाकात बसवण्यात आलं.

मास्तर एकटेच चक्कर मारून आले. ब्रेक दाबला की उजवं चाक जागच्या जागी रुतायचं आणि डावं कागदाचे कपटे घेऊन पुढे पळायचं. म्हणजे गाडी थांबताना उजवीकडे वळायची. घरी सांगायची सोय नव्हती. उजवे काढले तर बाल्तासार दुखावणार, डावे काढले तर लग्न मोडणार. मास्तर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थोडे रडले.

मग त्यांना सरकार आठवलं. गाडीची वार्षिक तपासणी राहिली होती. सरकारनेच गाडी नापास केली तर कुणाचाच अपमान नाही! नापास व्हायला एवढ्या उत्साहाने निघालेला माणूस त्या कचेरीने आजवर पाहिला नव्हता.

"थांबते का?" निरीक्षकाने विचारलं.

"थांबते, पण साहेब, उजवीकडे..."

"विचारलं तेवढंच सांगा. थांबते ना?"

"हो, पण कुठे थांबेल ते..."

"कुठे, हा प्रश्न आमच्या खात्याकडे येत नाही. वाहतूक खात्यात विचारा." निरीक्षक वाकला. चाकातून गुलाबी कपटा बाहेर डोकावत होता. "अरे वा, पाद्रिनो कोण?"

"बाल्तासार. टोपीवाले."

"मग आधी बोलायचं नाही का! बायकोची टोपी त्यांचीच आहे माझ्या," असं म्हणून त्याने काचेवर 'सुस्थितीत' असा स्टिकर स्वतःच्या हाताने लावला. मास्तर जीव मुठीत धरून घरी आले, तर निकोलासाबाईंनी त्या स्टिकरचा मुका घेतला.

लग्नाच्या सकाळी दोन्ही पाद्रिनोंनी आपापल्या चाकाजवळ बसण्याचा हक्क बजावला. बाल्तासार पुढे उजवीकडे, पेत्रोनामावशी मागे डावीकडे, आणि उरलेल्या जागेत झालरींसकट येसेनिया.

"पप्पा, हळू हं," ती म्हणाली.

"अगं, हळूच जाणार," मास्तर म्हणाले. त्यांनी रेडिओ लावला.

उतार सुरू झाला. खाली चर्चच्या दारात बँडवाले गाल फुगवून उभे होते. मास्तरांनी ब्रेक दाबला. उजव्या चाकाने अशी बोंब ठोकली की बँड आपोआप बंद पडला.

"बघा, बघा! काय पकडतंय!" बाल्तासार आनंदाने ओरडले.

मास्तरांनी सगळ्या ताकदीने स्टिअरिंग डावीकडे ओढलं. गाडीने त्यांना जुमानलं नाही. ती चर्चला पाठ करून उजवीकडे वळली, पायरी चढली आणि बाल्तासारांच्या दुकानाची काच, भिंत आणि टोप्यांची मांडणी ओलांडून गल्ल्यापाशी थांबली. निरीक्षकाचं खरं होतं, गाडी थांबली; कुठे, हा प्रश्न वाहतूक खात्याचा.

एकालाही खरचटलं नाही. येसेनिया ओढणीवर एक काळी गोल टोपी घेऊन बाहेर आली. बाप स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पप्पा, जिवंत आहे मी. पण यापुढे मी चालत जाणार."

"धातूचे होते म्हणून थांबली," बाल्तासार काचा झटकत म्हणाले.

"वा रे वा! मऊ होते म्हणून हाडं शाबूत राहिली," मावशी म्हणाल्या.

दोघांचंही म्हणणं गर्दीने मान्य केलं, टाळ्या पडल्या, बँड पुन्हा सुरू झाला. पॅडबद्दल कुणीही अवाक्षर काढलं नाही. आता गल्लीत भिंतीसाठी पाद्रिनो शोधणं चालू आहे. काच एका चुलत्याने पत्करली आहे, विटांवरून दोन्ही घरांत बोलणी अडली आहेत, आणि तेच पॅड, मानाचे म्हणून, चाकांत तसेच आहेत.

तुम्ही मघापासून हसताय, हसा. तुमच्या गाडीचा ब्रेक गेल्या दिवाळीपासून करकरतोय आणि तुम्ही गाण्यांचा आवाज वाढवताय, हे आम्हाला इथे अँडीजच्या डोंगरात ऐकू येतं. पॅडचं बघू सावकाश, घाई नाही. बंपरला बांधलेलं लिंबू तेवढं सुकलंय, ते मात्र या शनिवारी आठवणीने बदला.