गोदामाय आणि दूध बघायला आलेला साहेब

गोदामायनं एखाद्या पोराला "मेलं वाळकं!" म्हटलं, की खुशाल समजावं, पोरगं चांगलं बाळसेदार झालंय. तिचं कौतुक असं उलटंच निघायचं. माझी लेक पहिलीत आली, तेव्हा तिचे फुगरे गाल पाहून गोदामाय म्हणाली, "काय बाई चिपाड हाये गुरुजीची पोट्टी!" माझी बायको कितीतरी दिवस तिच्यावर फुगून होती.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं आणि मी पिंपळगाव राजाच्या शाळेत मास्तर होतो. शाळेत परदेशातून दुधाची भुकटी यायची. ती कालवून, उकळून पोरांना पाजायचं काम गोदामायचं. कुणी थेंब सांडला की ओरडायची, "काऊन सांडवतं बे? तुह्या बापाची म्हैस पोहत आली का समुद्रातून?"

एक दिवस जीपमधून साहेब आला. ज्या देशाचं दूध, त्याच देशाचा. सोबत तालुक्याचा अधिकारी. दूध पोरांच्या अंगी लागतं की वाटेतच मुरतं, हे साहेबाला बघायचं होतं. मी मोठ्या ऐटीत वर्गाचं दार उघडलं. आत सगळी कालपरवा शाळेत नाव घातलेली हाडकुळी पोरं! माझी गुटगुटीत पलटण गायब!

साहेबाचं तोंड उतरलं. अधिकारी हळूच म्हणाला, "असं असेल तर हे दूध दुसऱ्या गावाला जाईल, गुरुजी."

मी धावत मागच्या खोलीत गेलो. भुकटीच्या पोत्यांमागं सगळी गोबरी पोरं दडवलेली, माझी लेकसुद्धा. दारात गोदामाय.

"माय, हे काय मांडलंय? दूध बंद होईल ना!"

"तुमाले नाही समजत, गुरुजी. माह्या लेकाले असंच एकानं गोबरा म्हटलं होतं. त्याच हप्त्यात गेला तो."

बाहेर जीप सुरू झाली. गोदामायनं तो आवाज ऐकला, पोरांकडं पाहिलं. मग चुलीतली काजळी घेऊन एकेकाच्या गालाला फासली.

"न्या. पोट्ट्यायचं दूध नाही तुटलं पाहिजे."

मी पोरांना घेऊन जीपपुढं धावलो. काळ्या गालांची ती फौज पाहून साहेब पोट धरून हसला. एकेकाचे दंड दाबून पाहिले. दूध चालू राहिलं. त्याबद्दल मी त्या देशाचा ऋणी आहे, पण आधी गोदामायचा. साहेब पोरं पाहत होता, तेव्हा ती चौकट घट्ट धरून, डोळे गच्च मिटून उभी होती. जीप गेली तरी उघडेना.

"गुरुजी, सारे उभे हायेत ना?"

"हाव माय, सारे उभे हायेत."