खेड्याला न शोभणारी मेथी

सन २००५ मध्ये चारुदत्त वानखडेने अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळ एका खेड्यात घर घेतलं. वर्ध्याकडच्या आपल्या खेड्यातून बाहेर पडायला त्याला इंजिनीअरिंग, एच-वन व्हिसा आणि एकोणीस वर्षं लागली होती. या खेड्यात शिरायला फक्त सह्या लागल्या.

'एल्म्सबरी व्हिलेज' ही वसाहत इंग्लंडातल्या ग्रामीण जीवनाचा अस्सल अनुभव देणारी होती. उतरती छपरं, दगडासारखं दिसणारं प्लास्टिक, तळ्यात बदकं. बदकंही प्लास्टिकची, कारण खरी घाण करतात. अस्सलपणाचे नियम चौऱ्याऐंशी पानांत छापलेले होते.

मे महिन्यात त्याची आई अहिल्याबाई सहा महिन्यांसाठी आली. खिडकीखालची रिकामी माती तिला बघवेना. तिने मेथी पेरली. पंधराव्या दिवशी ग्रामीण सौंदर्य समितीचं पत्र आलं : 'आपल्या आवारात अन्न उगवत असल्याचे निदर्शनास आले आहे. हे ग्रामीण वातावरणास बाधक आहे.'

चारुदत्तने रीतसर फॉर्म भरला आणि मेथीला शोभेचं गवत म्हणून मान्यता मागितली. मान्यता मिळाली, अट एकच, ती कोणी खाऊ नये.

"गाईनंही नाही?" आईने विचारलं.

"आई, प्लीज, गाय आणू नकोस."

आईने गाय आणली नाही. मेथी मात्र खुडली, आणि शेजारच्या मार्जोरी आजींना कुंपणावरून जुडी दिली. त्या तंबाखूच्या शेतावर वाढलेल्या. दोघी तासभर आपापल्या भाषेत बोलत उभ्या राहिल्या. दुसरं पत्र आलं : 'अनधिकृत कृषिव्यवहार. गवत किंवा अहिल्याबाई, यांपैकी एक तीन दिवसांत हलवावे.'

चारुदत्तने आईच्या परतीच्या विमानाच्या तारखा बघितल्या. मग स्वतःचीच लाज वाटून त्याने लॅपटॉप मिटला आणि सुनावणी मागितली.

समितीच्या अध्यक्ष लतिका, जन्म पुण्याच्या डेक्कनवरचा. त्यांनी समजुतीने घेतलं. "काकू, खेड्यात असं चालत नाही."

"काहून, बाई? साठ वर्षं मी खेड्यातच राह्यते."

"ते वेगळं हो. हे ऑथेंटिक आहे."

"आई परत जाणार नाही," चारुदत्त म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यालाच नवीन होतं. "आणि मेथीही जाणार नाही."

"मग पुरावा पंचांसमोर ठेवा," अध्यक्ष कडाडल्या.

आईने डबा उघडला. मेथीचे सतरा पराठे, लोणी वेगळं. समितीने पुराव्याची कसून तपासणी केली. दोघांनी तर दोनदा केली. अखेर पुरावा शिल्लक नसल्याने खटला निकालात निघाला. पुढच्या वसंतात ठराव झाला की मेथी ही एल्म्सबरीची प्राचीन परंपरा असून प्रत्येक घराने ती लावलीच पाहिजे. उंची सहा इंच. दर शनिवारी पट्टी घेऊन उंची मोजायला नवे समिती सदस्य चारुदत्त वानखडे फिरू लागले, आणि सात इंच भरलेल्यांना पत्रं जाऊ लागली. त्यातलं एक मार्जोरी आजींनाही गेलं.

हसलात ना? हसा. फक्त तुमच्या सोसायटीच्या फाटकावर इंग्लंडातल्या कोणत्या गावाचं नाव कोरलंय, तेवढं खाली जाऊन बघून या. आणि जाण्याआधी गॅलरीत वाळत घातलेले कपडे आत घ्या. सेक्रेटरी वर बघतोय.